सर्व्हरचं घड्याळ हाताने लावू नका: क्रोनी बसवायची साधी रीत

इंदूरच्या सियागंजात एका होलसेल किराणावाल्यांकडे बिलिंगचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळायचो तेव्हाची गोष्ट. सर्व्हरचं घड्याळ ७ मिनिटं पुढे पळतंय असं काउंटरवरच्या पोराने सांगितलं, मी घरूनच लॉगिन केलं, मोबाइलमध्ये टाइम बघितला आणि डेट कमांड मारून घड्याळ ७ मिनिटं मागे घेतलं. भर धंद्याच्या वेळी. अर्ध्या तासात मुनीमजींचा फोन, "अहो, ४१२ नंबरचं बिल ११ वाजून ५२ मिनिटांचं आणि ४१३ नंबरचं ११ वाजून ४६ चं, हे कसं काय हो? आता हिशेब तपासणारे मला काय विचारतील?" बिल नंबर पुढे गेला आणि वेळ मागे आली. सगळं निस्तरायला संध्याकाळ गेली, वर मुनीमजींना पोहे खिलवावे लागले ते वेगळंच.

चूक घड्याळाची होती, पण जास्त मोठी चूक माझी होती. चालू सर्व्हरचं घड्याळ हाताने मागे ढकलायचं नसतं, आणि एकदा लावलं की झालं असंही नसतं कारण ते परत पळणारच. हे काम क्रोनी नावाच्या प्रोग्रामवर सोपवायचं, तो नेटवरच्या टाइम सर्व्हरना वेळ विचारून घड्याळ सतत जुळवत राहतो. प्रत्येक मदरबोर्डवर एक क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो, तो गरम झाला की वेगळा चालतो, गार झाला की वेगळा, आणि स्वस्तातला असेल तर दहा लाखात २० ते ५० इतका फरक अगदी सहज येतो. ऐकायला काहीच नाही वाटत, पण दिवसाला ८६,४०० सेकंद असतात, हिशेब करा, २० चा फरक म्हणजे रोज पावणेदोन सेकंद आणि ५० चा म्हणजे रोज चार सेकंदांच्या वर. महिन्याभरात दोन मिनिटं. मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलेल्या मशीनचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आता दोन चार सेकंदांनी काय बिघडतं असं नवीन माणूस हमखास विचारतो. बघा, मोबाइलच्या ॲपमध्ये येणारा सहा आकडी लॉगिन कोड दर ३० सेकंदांना बदलतो, सर्व्हरचं घड्याळ मिनिटभर सरकलं की बरोबर कोड टाकूनही लॉगिन होत नाही. ऑफिसात कर्बेरॉसवाला लॉगिन (सगळ्या मशीनना एकाच ठिकाणाहून ओळख पटवणारा) असेल तर ५ मिनिटांच्या फरकावर तो दार बंद करतो. घड्याळ फार मागे असेल तर वेबसाइटचं सर्टिफिकेट "अजून चालू झालेलं नाही" म्हणून नाकारलं जातं, उबुंटूचं सॉफ्टवेअर आणणारं एपीटी अपडेट सुद्धा अडून बसतं. आणि दोन सर्व्हरचे लॉग समोरासमोर ठेवून भानगड शोधायची असेल तर दोघांची वेळ जुळत नसताना आधी काय झालं आणि नंतर काय हेच कळत नाही, रात्री दोन वाजता डोकं धरून बसावं लागतं.

शिवाय कायद्याचा भाग आहे. देशाची सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यात कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी ऑफिसं वगैरे सगळ्यांनी आपली घड्याळं एनआयसीच्या (सरकारचं संगणकाचं काम बघणारं केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवावीत असं आहे, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असंही आहे. भारताची अधिकृत वेळ एनपीएलच सांभाळते, तिथे सिझियमची अणुघड्याळं आहेत. त्यामुळे आपल्याकडे सोर्स निवडताना सुरुवात इथूनच करायची.

एक सूचना आधीच, खाली कमांड मी बोलतो तशा लिहिल्यात, फोनवर कोणाला सांगताना सांगतो तशा, टर्मिनलमध्ये तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करणार हे धरून चालतो.

सगळ्यात आधी काही न बदलता नुसतं बघा:

टाइमडेटसीटीएल

यात लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम, आरटीसी टाइम (मदरबोर्डवरच्या घड्याळाची वेळ) आणि टाइम झोन दिसतो, आणि खाली दोन ओळी असतात ज्यात नवीन माणूस नेहमी फसतो. एक म्हणते सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड, दुसरी म्हणते एनटीपी सर्व्हिस (एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारून घ्यायची पद्धत). दुसरीपुढे ॲक्टिव्ह असलं म्हणजे फक्त कामवाला कामावर आला एवढंच कळतं, काम केलं की नाही ते पहिल्या ओळीत. तिथे येस पाहिजे. मी स्वतः कितीतरी दिवस ॲक्टिव्ह बघून समाधानी होतो, आणि आत फायरवॉलने एकही पॅकेट बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

आता टाइम झोन. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही, झोन चुकलाय, घड्याळाला हात लावू नका. लिनक्स आतमध्ये सगळीकडे युनिव्हर्सल टाइमच मोजतो, आपल्याला दाखवताना फक्त ५ तास ३० मिनिटं मिळवून दाखवतो. इंदूरकरांना हे समजायला सोपं जावं, उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंगांचं सम्राट यंत्र बघितलंय ना, त्याच्या सावलीची वेळ आणि तुमच्या हातातल्या घड्याळाची वेळ कधी जुळत नाही, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ७५ अंशांच्या जरा पुढे, म्हणजे आपला सूर्य साधारण २६-२७ मिनिटं मागे (वर्षभरात त्यात अजून थोडं कमीजास्त होतं ते सोडा). यंत्र चुकीचं नसतं, फक्त दाखवायची रीत वेगळी. तसंच हे. झोन लावायचा असा:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

आणि त्याच मशीनवर विंडोज पण असेल तर ते बोर्डावरच्या घड्याळात लोकल टाइम लिहून ठेवतं, लिनक्स तो युनिव्हर्सल समजून वाचतो, मग परत साडेपाच तासांचा घोळ. सर्व्हरवर तरी विंडोज ठेवू नका बाबा.

आता मुख्य काम, क्रोनी. उबुंटूमध्ये बरीच वर्षं सिस्टिमडी-टाइमसिंकडी नावाची छोटी सर्व्हिस आपोआप यायची, लॅपटॉपला ती ठीक आहे, पण ती एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकते आणि त्याने थाप मारली तर तिला कळायचा काही मार्ग नाही. सर्व्हरला क्रोनीच बसवा. रेड हॅटवाल्यांकडे तर आवृत्ती ७ पासून हीच आपोआप येते आणि ८ पासून जुनं एनटीपीडी पॅकेजच काढून टाकलंय.

सुडो एपीटी इन्स्टॉल क्रोनी

रेड हॅट, रॉकी, अल्मावर एपीटीच्या जागी डीएनएफ. उबुंटू-डेबियनवर हे बसताना जुनं टाइमसिंकडी आपोआप निघून जातं, दुसरीकडे मात्र बघून घ्या, एका घड्याळाला चावी देणारे दोन जण नकोत. एक पुढे ओढतो एक मागे, घड्याळ दिवसभर डुलत राहतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे फार होतं, खालच्या होस्टचे टूल्स पण वेळ लावतात आणि आत क्रोनी पण लावतो, तिथे टूल्समधलं टाइम सिंक बंद करा. डॉकरच्या कंटेनरमध्ये मात्र क्रोनी टाकायच्या भानगडीत पडू नका, कंटेनरला स्वतःचं घड्याळच नसतं, होस्टचंच घड्याळ तो वापरतो, होस्ट नीट करा की झालं.

कॉन्फिग फाइल उबुंटूवर ईटीसी मधल्या क्रोनी फोल्डरमध्ये क्रोनी डॉट कॉन्फ, आणि रेड हॅटवर सरळ ईटीसी मध्येच. उघडा आणि सोर्सच्या ओळी अशा करा:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट
पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट

आयबर्स्ट म्हणजे सुरुवातीलाच दोन दोन सेकंदांनी चार वेळा विचारून घे, नाहीतर पहिली वेळ मिळायलाच काही मिनिटं जातात. सर्व्हर म्हणजे हाच एक पत्ता, पूल म्हणजे त्या नावामागे जे बरेच जण आहेत त्यातले काही उचल.

इतके सोर्स कशाला? एकच घड्याळ असेल तर ते चुकलं तरी तुम्हाला कळत नाही. दोन असतील आणि दोघांचं जमत नसेल तर खरं कोण ते कळत नाही. तीन असले की दोघं मिळून तिसऱ्याला खोटं पाडू शकतात, आणि चौथा यासाठी की एक बंद पडला तरी तीन उरतात. पण यात एक गोम आहे. आपल्या गांधी हॉलवर टॉवरला चार बाजूंनी चार डायल आहेत म्हणून त्याला घंटाघर म्हणतात, पण असल्या टॉवरमध्ये आत मशीन सहसा एकच असतं, चारही डायल एकमेकांशी जुळल्या म्हणून वेळ बरोबर आहे असं काही सिद्ध होत नाही. फाइलमध्ये चार नावं टाकली आणि चारही शेवटी एकाच डब्यावर जाऊन पोचत असतील तर ते चार साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराला चार वेळा विचारलंत. म्हणून एनआयसी, एनपीएल आणि पूल असे वेगवेगळ्या घरचे घ्या. आणि गूगलचा टाइम सर्व्हर यांच्यात मिसळू नका. तो वाईट नाही, पण लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला घातलेला एक जादा सेकंद) आला की गूगल तो एक सेकंद २४ तासांत थोडा थोडा वाटून टाकतो आणि बाकीचे एकदम घालतात, त्या दिवशी तुमच्या सोर्समध्ये भांडण लागेल. तसा शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ चा, आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाटेची साडेपाच वाजत होती, आणि २०३५ पर्यंत ही पद्धतच बंद करायचं ठरलंय, तरी सवय चांगली लावा.

त्याच फाइलमध्ये अजून या ओळी आहेत का बघा, बहुतेक असतातच:

मेकस्टेप १ ३
आरटीसीसिंक

आरटीसीसिंक बोर्डावरचं घड्याळही जुळवून ठेवतं. मेकस्टेप समजून घेणं महत्त्वाचं, माझी बिलांची भानगड इथेच आहे. घड्याळ जुळवायच्या दोन रीती असतात. एक म्हणजे उडी, काटा उचलून सरळ बरोबर जागी ठेवायचा, हेच मी केलं होतं. दुसरी म्हणजे सरकवणं, घड्याळ मागे न्यायचं असेल तर मागे न्यायचंच नाही, फक्त थोडं हळू चालवायचं म्हणजे खरी वेळ मागून येऊन त्याला गाठते, आणि यात एकही सेकंद दोनदा येत नाही. क्रोनी चालू असताना सरकवतोच. मेकस्टेप १ ३ म्हणजे फक्त सर्व्हिस सुरू झाल्यावर पहिल्या तीन वेळा, फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी मारायची परवानगी, नंतर नाही. त्या ३ च्या जागी वजा एक टाकलं की तो केव्हाही उडी मारू शकतो, नेटवर अशी कॉन्फिग सर्रास फिरते, बिलिंग किंवा डेटाबेसच्या मशीनवर ती कॉपी करू नका.

सरकवायला वेळ लागतो हेही धरा. क्रोनी जास्तीत जास्त एका सेकंदाला ८३ मिलिसेकंदांच्या आसपास सरकवतो, म्हणजे माझी ७ मिनिटं भरायला कमीत कमी ८४ मिनिटं लागली असती. म्हणून फरक मोठा असेल तर दुकान वाढवल्यावर रात्री बिलिंग आणि डेटाबेस बंद करा, मग क्रोनी रीस्टार्ट करा, तो सुरुवातीलाच उडी मारेल, बरोबर झालं की बाकीचं चालू करा. घड्याळ मागे जाणार असेल तर जेवढं मागे गेलं तेवढा वेळ थांबून मगच डेटाबेस चालू करा, सात मिनिटं तर सात मिनिटं, चहा घ्या. आणि त्या वेळात क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सर्व्हिस) बॅकअप वगैरे काही लागलेलं नाही ना तेही आधी बघा, नाहीतर तो दोनदा चालायचा नाहीतर चालायचाच नाही.

फाइल सेव्ह केली की:

सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल क्रोनी
सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट क्रोनी

रेड हॅटवर नाव क्रोनीडी आहे. इनेबल विसरायचं नाही, ते विसरलं की आज सगळं छान आणि पुढच्या वेळी लाइट गेली की गाडी परत मूळ जागी.

आता खरी परीक्षा:

क्रोनीसी सोर्सेस

इथे प्रत्येक सोर्सच्या ओळीत सुरुवातीला एक टोपी (^) आणि तिच्या शेजारी एक खूण दिसते. शेजारी चांदणी म्हणजे सध्या याचं ऐकतोय. अधिक म्हणजे याचंही मत धरतोय. वजा म्हणजे चांगला आहे पण सध्या धरला नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे अजून उत्तर आलं नाही किंवा धरण्यालायक नाही, आणि इंग्रजी एक्स म्हणजे हा खोटं बोलतोय असं बाकीच्यांनी ठरवलंय. एक तरी चांदणी पाहिजेच, नाहीतर जुळवणं चालू नाही.

मग रीच नावाचा कॉलम. इथे नवीन लोकांना वाटतं ३७७ म्हणजे काहीतरी मिलिसेकंद असतील. तसं नाहीये. शेवटच्या आठ वेळा विचारलं तेव्हा उत्तर आलं की नाही याच्या आठ खुणा तो ऑक्टलमध्ये (फक्त ० ते ७ आकडे वापरून मोजायची रीत) एकत्र लिहितो, आठही आल्या की ३७७. रीस्टार्टनंतर तो १, ३, ७, १७, ३७ असा वाढत जातो, जरा धीर धरा. ३७७ वरून मधेच ३७६ झाला तर शेवटचं उत्तर हुकलं, एखाद वेळेस चालतं. शून्यच राहिला तर पॅकेट जात नाहीये.

शून्य असेल तर दहापैकी नऊ वेळा फायरवॉल. एनटीपी यूडीपीच्या १२३ नंबर पोर्टवर बोलतो, टीसीपी नाही, आणि बऱ्याच ऑफिसांत बाहेर जायला फक्त वेबचे पोर्ट उघडे ठेवलेले असतात. नेटवर्कवाल्याला नीट सांगा, बाहेर जाणारा यूडीपी १२३ पाहिजे. पिंग लागतंय म्हणून तो हो म्हणेल, पण पिंगचा याच्याशी काही संबंध नाही. घड्याळाला हात न लावता नुसतं तपासायचं असेल तर क्रोनीडीला कॅपिटल क्यू देऊन पुढे कोट्समध्ये सर्व्हरची ओळ द्या, तो फरक किती आहे ते सांगून गप बसतो.

सगळं ठीक दिसलं की शेवटी:

क्रोनीसी ट्रॅकिंग

यात सिस्टिम टाइमच्या ओळीत खऱ्या वेळेपासून किती पुढे किंवा मागे ते दिसतं, साध्या ब्रॉडबँडवरही काही मिलिसेकंदांच्या आत असावं. फ्रिक्वेन्सीच्या ओळीत तुमचा क्रिस्टल दहा लाखात किती चुकतो ते क्रोनीने स्वतः मोजून लिहिलेलं असतं, मला ही ओळ फार आवडते, कारण हा आकडा तो ड्रिफ्टफाइलमध्ये जपून ठेवतो आणि मधे इंटरनेट गेलं तरी त्याच हिशेबाने घड्याळ आवरून धरतो. लीप स्टेटस नॉर्मल पाहिजे. स्ट्रॅटम म्हणजे अणुघड्याळापासून तुम्ही कितव्या पायरीवर ते, २ किंवा ३ किंवा ४ काहीही चालेल, ० म्हणजे जुळलेलंच नाही.

एनटीपीचा हा सगळा प्रकार डेव्हिड मिल्स यांनी उभा केला, १९८५ मध्ये पहिली लिखित आवृत्ती आली, आणि मूळ युक्ती अगदी साधी आहे. समजा तुम्ही उज्जैनला माणूस पाठवला, निघाला ती वेळ तुम्ही लिहिली, तो पोचला आणि परत निघाला त्या दोन वेळा उज्जैनवाल्याने लिहिल्या, परत आला ती वेळ पुन्हा तुम्ही लिहिली. चार आकड्यांवरून रस्त्यात किती वेळ गेला ते निघतं, आणि जायला यायला सारखाच वेळ लागला असं धरलं की दोन घड्याळांतला फरक निघतो. ते "सारखाच" तेवढं कच्चं आहे. जाताना रस्ता मोकळा आणि येताना जाम असेल तर हिशेब तितका चुकणार, म्हणूनच लांबच्या सर्व्हरपेक्षा जवळचा बरा.

ऑफिसात पाच दहा मशीन असतील तर सगळ्यांना बाहेर पाठवू नका. एकावर वरचं सगळं करा आणि त्याच्या फाइलमध्ये अलाउ लिहून पुढे तुमचं लॅन (ऑफिसच्या आतलं नेटवर्क) द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४, शिवाय लोकल स्ट्रॅटम १० ही ओळ टाका म्हणजे इंटरनेट बंद असलं तरी तो बाकीच्यांना वेळ देत राहील, थोडी चुकली तरी सगळ्यांची सारखीच चुकेल. त्याच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ आत यायला उघडा पण फक्त लॅनमधून, बाहेरच्या जगाला अजिबात नाही, २०१४ च्या सुमारास उघड्या पडलेल्या एनटीपी सर्व्हरांचा वापर करून लोकांनी मोठमोठे हल्ले केले होते. मग बाकीच्या मशीनवर फक्त या एकाचा आयपी. सीसीटीव्हीच्या डब्याला आणि हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनला पण त्यांच्या सेटिंगमध्ये हाच आयपी द्या, तिथली वेळ कोणी बघतच नाही आणि चोरी झाली की फुटेजवर पाऊण तासाचा फरक निघतो.

लक्ष ठेवायला मी फार काही करत नाही. फाइलमध्ये लॉगचेंज ०.५ ही ओळ आहे, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त दुरुस्ती करावी लागली की सिस्टिम लॉगमध्ये नोंद होते. आणि मशीन सुरू होताना घड्याळ जुळेपर्यंत डेटाबेसने थांबावं म्हणून त्याच्या आधी क्रोनीसी वेटसिंक लावलंय.

राहिली ती बॅटरी. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ चा सेल असतो, सर्व्हर बंद असताना वेळ तोच धरून ठेवतो. रविवारभर लाइट नाही आणि सोमवारी मशीन काही वर्षं जुन्या तारखेला उठलं तर तो सेल संपलाय. क्रोनी इंटरनेट मिळालं की उडी मारून वेळ बरोबर करतो, पण राउटर उठेपर्यंतची ती दोन चार मिनिटं बिलं जुन्या तारखेची निघतात. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत तर हे घड्याळच नसतं, ५ मध्ये आहे पण सेल वेगळा जोडावा लागतो. सेल बदलला की त्या दिवसाची तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला स्केच पेनने लिहून टाका, सियागंजवाल्या मशीनमध्ये अशा तीन तारखा आहेत, पहिली माझ्या आधीच्या माणसाच्या अक्षरात.